लोखंडाचा रकाना

इनास फर्तादोचा अँप चांदरच्या लग्नात जळला,
तिसऱ्या वॉल्ट्झच्या मध्यावर.
वास म्हणे आधी नवरीच्या मावशीला आला,
तिला वाटलं, सोरपोतेल करपलं.

दुसऱ्या दिवशी पेटी माझ्या दुकानात,
कुडचड्याच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे,
जिथं मी पंपाच्या मोटारी भरतो.
व्हॉल्व्ह शाबूत होते:
तारवटी मामानं हँबर्गहून मोज्यांत गुंडाळून आणलेले,
दोन सिक्स-व्ही-सिक्स, काच किंचित काळवंडलेली.
मेलं होतं ते लोखंड.

इनास म्हणाला, ल्हान घाल रे, म्हजी फाट मोडल्या.

लहान होतं माझ्याकडे.
सासऱ्यांच्या रेडिओतलं, काड्यापेटीएवढं.
लावून दाखवलं.
वरच्या तारा बोलल्या, बातम्या दिल्यासारख्या,
खालचा मी मात्र नुसता खोकला.
जाड स्वराला जागा लागते,
पातळ गाभ्यात तो उभाच राहू शकत नाही.

परदेशी मागवायचं तर चौदा हजार, वर कस्टम.
चौदा हजारांत इनास सात लग्नं वाजवतो.

मग माळ्यावरून ते काढलं.
खाण बंद झाली तेव्हा मी वर्कशॉपात होतो;
शेवटच्या आठवड्यात बेल्टचं पॅनल भंगारात निघालं
आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर मी किलोच्या भावानं उचलला.
कशासाठी, ते ठाऊक नव्हतं.
बायकोनं विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.

पत्र्या एकेक सोडवल्या, रॉकेलनं पुसल्या.
आपलाच डोंगर सावर्ड्याहून बार्जमध्ये बसून गेला असेल,
कुठल्याशा देशात वितळून, लाटून, एवढा पातळ होऊन
परत आला असेल.
असेल, म्हणजे. पुरावा नाही.
पत्रीवर काही लिहिलेलं नसतं.

आठ हजार ओहम एका बाजूला, आठ ओहम दुसऱ्या,
म्हणजे बत्तीसास एक.
चोवीसशे वेढे बारीक तारेचे, पंचाहत्तर जाड.
थोडे आतले, मग बाहेरचे, मग पुन्हा आतले,
मध्ये कागद.
बेबिंकाच की, इनास म्हणाला.
म्हटलं, होय, पण इथं एक थर कच्चा राहिला
तर साडेतीनशे व्होल्ट तुझ्या बोटांत.
त्यानंतर तो बाहेर जाऊन बसला.

एक हजार नऊशे बाराव्या वेढ्याला लाईट गेली.
अंधारात आकडा तोंडात धरून बसलो,
कुणी हाक मारली तरी ओ दिली नाही.

पॉवरचा मात्र विकत घेतला, मडगावातून,
अडीचशेचा टॅप असलेला.
दोनशेवीस लिहिलेला स्वस्त होता, सुबक होता,
पण आमच्याकडे रात्री अकरानंतर, गिरण्या झोपल्या की,
मीटर दोनशे अठ्ठेचाळीस दाखवतो,
आणि इनास वाजवतो तो अकरानंतरच.
व्हार्निशमध्ये दोन दिवस बुडवून ठेवले दोघांना.
इथल्या हवेत मीठ असतं, ते वाट बघत असतं.

शेवटी जागा.
दोघे शेजारी समांतर ठेवले तर एकाची घरघर दुसऱ्यात शिरते.
प्रचितीचे गुलाबी हेडफोन मागून घेतले,
आउटपुटच्या टोकांना जोडले, तिच्याच कानांवर ठेवले
आणि चासीवर ते धूड सावकाश फिरवत गेलो.
आहे. आहे. आहे अजून.
कमी झालं.
बाबा, थांब. हललास. जरा मागे.
तिथं पेन्सिलनं रेघ मारली,
काटकोनाला थोडी तिरकी.
भोकं तिथंच पाडली.

संध्याकाळी इनासनं पेटी उचलली,
पुन्हा खाली ठेवली.
आधीपेक्षा जड, म्हणाला.
होय, म्हटलं.
मग त्यानं खालचा मी वाजवला
आणि शेडमधल्या पावलीणबायनं सुरी धरलेला हात थांबवून
वर पाहिलं.

बिल लिहिलं:
तांब्याची तार, कागद, व्हार्निश, मडगावचा नग, मजुरी.
लोखंडाचा रकाना बराच वेळ बघत राहिलो.
इनास पाकीट उघडून उभा.
रेघ ओढली.